केराचा आठवडा

दर सहा आठवड्यांनी आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी येऊन लटकते. आमच्या आधीची पाळी समोरच्या आजोबांची, त्यामुळे ती तेच लावतात. रविवारी रात्री, बेल न वाजवता. पाटी ज्याच्या दारावर, त्या आठवड्यात जिना, तळघराचा बोळ आणि इमारतीसमोरचा फुटपाथ त्याचा. झाडायचं, पुसायचं, आणि थंडीत सकाळी सातच्या आत बर्फ ओढून बाजूला करायचा. इमारतीत सहा बिऱ्हाडं आहेत, म्हणून सहा आठवडे.

पाटीवर लिहिलंय ‘केरवोखं’. श्टुटगार्ट आणि भोवतालच्या श्वाबियन मुलखाची ही खास रीत. ‘केरेन’ म्हणजे झाडणं, ‘वोखं’ म्हणजे आठवडा. हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी नवऱ्याकडे बघितलं. केर! दीड महिना जर्मनच्या वर्गात डोकं आपटल्यावर एक शब्द असा मिळाला, जो मला आजीने शिकवला होता. (दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, ते मी मुद्दाम शोधलेलं नाही. असू दे की.)

या रिवाजाचं मूळ इथले लोक 1492 सालापर्यंत नेतात. तिकडे कोलंबस निघाला आणि इकडे दाढीवाला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एबरहार्ट या सरदाराने हुकूम काढला, की शहर स्वच्छ राहावं म्हणून प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी. श्टुटगार्ट महापालिकेने केरवोख्याचा नियम 1988 साली रद्द केला, तेव्हा मानफ्रेड रोमेल महापौर होते. पण भाडेकरारांतून आणि लोकांच्या मनातून तो काही गेलेला नाही.

2013 साली आम्ही पुण्याहून इथे आलो. नवऱ्याची नोकरी होती, माझी नव्हती, मुलगी दोन वर्षांची. पहिल्यांदा पाटी आली त्या आठवड्यात गुरुवारी मी वरवर झाडू फिरवला आणि मोकळी झाले. शनिवारी दुपारी बेल वाजली. समोरचे आजोबा. हातात पितळी मुठीचा छोटा ब्रश. म्हणाले, “पाटी अजून तुमच्याकडेच आहे ना?” मग त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून वाकत मला जिना कसा झाडायचा ते दाखवलं. वरून खाली यायचं. प्रत्येक पायरीचा आतला कोपरा ब्रशने. पायपुसणी उचलून तिच्याखालचं काढायचं, तिच्या कडेने झाडू फिरवून पुढे जायचं नाही. फडकं पिळून घ्यायचं, नाहीतर म्हातारं माणूस घसरेल. हे सगळं अस्सल श्वाबियन बोलीत, ज्यातलं मला तेव्हा निम्मंही कळलं नाही. मनात म्हटलं, हे खरे जर्मन बरं का.

आजोबा तुर्की आहेत. हे मला पुढे तीन आठवड्यांनी कळलं.

ते 1969 साली आले. इस्तंबूलमधल्या जर्मन कचेरीत डॉक्टरांनी त्यांचे दात बघितले, छाती बघितली, चड्डीवर उभं करून बघितलं. मग आगगाडी, आणि तिसऱ्या दिवशी म्युनिक स्टेशनचा अकरा नंबरचा फलाट. या फलाटावरून लाखो माणसं आली. जर्मनीने 1955 साली इटलीशी करार केला होता, 1961 साली तुर्कस्तानशी. शब्द होता ‘गास्टआरबायटर’, पाहुणे कामगार. तुर्कांसोबतच्या मूळ करारात दोन वर्षांची मर्यादा होती. मग कारखानदारच म्हणाले, शिकवून तयार केलेली माणसं दोन वर्षांत परत कशाला पाठवायची? 1964 साली मर्यादा निघाली. 1973 साली भरती थांबली. माणसं मात्र थांबली ती थांबलीच.

पाहुण्याला कोणी भाषा शिकवत नाही. तो जाणार असतो. आजोबा जर्मन शिकले ते मोटारीच्या कारखान्यात, पट्ट्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडून. तो माणूस श्वाबियन होता, म्हणून आजोबाही श्वाबियन बोलतात. बर्लिनहून आलेल्या माझ्या एका ओळखीच्या बाईंना त्यांचं बोलणं कळत नाही. मला आता कळतं.

*

स्थलांतरितांनी इथल्यासारखं व्हावं, की आपापल्यासारखं राहावं, हा वाद मी आल्यापासून ऐकते आहे. दर निवडणुकीला तो नव्याने उकळतो. आम्ही यायच्या आधी, 2000 साली, सरकारने संगणकवाल्यांसाठी ग्रीन कार्ड काढलं तेव्हा एका प्रांताच्या प्रचारात ‘किंडर श्टाट इंडर’ ही घोषणा गाजली: भारतीयांऐवजी आपली मुलं. यमक छान जुळतं, ‘किंडर’ म्हणजे मुलं आणि ‘इंडर’ म्हणजे आम्ही. (ते पुढारी त्या निवडणुकीत हरले.) 2010 साली तेव्हाच्या चॅन्सेलर मेर्कलबाईंनी जाहीर केलं, की ‘मुल्टिकुल्टी’ साफ फसली. शेजारी शेजारी राहू आणि एकमेकांबद्दल आनंद मानू, ही कल्पना चालली नाही, असं त्यांचं म्हणणं.

याच्या उलट बाजूचा शब्द ‘लाइटकुल्टुअर’, म्हणजे वाट दाखवणारी, पुढे चालणारी संस्कृती. आता गंमत बघा. हा शब्द काढला बासाम तिबी यांनी, जे दमास्कसमध्ये जन्मले आणि इथे प्राध्यापक झाले. त्यांच्या मनात होती लोकशाही, मानवी हक्क, धर्म आणि राज्य यांची फारकत, अशी सगळ्या युरोपची सामाईक मूल्यं. पुढाऱ्यांनी शब्द उचलला आणि त्यातला युरोप काढून जर्मनी घातला. 2017 साली तेव्हाचे गृहमंत्री डे मेझिएर यांनी या संस्कृतीची दहा कलमं एका वर्तमानपत्रात लिहिली. त्यात एक वाक्य होतं, की आम्ही आपलं नाव सांगतो आणि भेटल्यावर हात मिळवतो.

मार्च 2020मध्ये एका बैठकीत मेर्कलबाईंनी हात पुढे केला आणि त्यांच्याच गृहमंत्र्यांनी, झेहोफरांनी, तो हसून नाकारला. करोना आला होता. कोणी त्यांना परत पाठवा म्हणालं नाही.

त्याच वर्षी आमच्याच राज्यातला एक खटला पेपरांत आला. लेबनॉनहून आलेला एक डॉक्टर. इथेच शिकला, इथल्या दवाखान्यात काम करत होता, नागरिकत्वाच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण. प्रमाणपत्र घेताना त्याने बाई अधिकाऱ्याशी हात मिळवला नाही. बायकोला शब्द दिलाय, म्हणाला. प्रमाणपत्र परत गेलं आणि मानहाइमच्या वरिष्ठ न्यायालयानेही त्याच्या विरुद्ध निकाल दिला. आमच्या मराठी गटात यावर रात्रभर चर्चा झाली. बहुतेक पुरुष म्हणाले, बरोबर केलं, असल्यांना हेच पाहिजे. मी गप्प होते, कारण मला दोन गोष्टी एकदम आठवत होत्या. एक म्हणजे, बाई म्हणून माझा हात कोणी असा टाळला असता तर मी चिडले असते, त्याची कारणमीमांसा ऐकत बसले नसते. आणि दुसरं, माझ्या आजीने जन्मात कुठल्या परपुरुषाचा हात हातात घेतला नाही. तिच्याइतकं अदबीने माणसाशी वागणारं मी कोणी पाहिलेलं नाही. तिला या देशाने पासपोर्ट दिला नसता.

या दोन गोष्टींची बेरीज मला आजही जमलेली नाही.

*

आमच्या गटाचं सांगते. इथल्या भारतीयांना कोणी ‘समांतर समाज’ म्हणत नाही. तो शब्द तुर्कांसाठी आणि अरबांसाठी राखीव आहे. आम्ही इंजिनियर, कर भरणारे, आवाज न करणारे. पण खरं सांगू? समांतर राहण्यात आमच्याइतकं कसबी कोणी नाही. गणपती मराठी लोकांचा वेगळा, तेलुगूंचा वेगळा. दुर्गापूजा बंगाल्यांची. दांडियाला सगळे जातात, पण बसतात आपापल्या घोळक्यात. शनिवारी मुलांचा मराठी वर्ग, रविवारी कोणाकडे तरी मिसळ. आठवडाच्या आठवडा असा निघून जातो, की जर्मन माणूस फक्त गल्ल्यावर भेटतो.

हे आम्ही विमानात बसून शिकलो नाही. कोकणातले बेने इस्रायली मला यासंदर्भात नेहमी आठवतात. तेल गाळण्याचा धंदा, बोली मराठी, आडनावं पेणकर, किहीमकर. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचं. शेकडो वर्षं कोणी त्यांना म्हटलं नाही, की शनिवारी घाणा चालवा, नाहीतर गाव सोडा. आपण हे अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच. पण गावाने त्यांना सामावून घेतलं ते कसं? आणखी एक जात म्हणून. त्यांचा एक खण ठरवून दिला, झालं. आपली बहुसंस्कृती बऱ्याच अंशी अशी होती. ज्याचा त्याचा देव, ज्याची त्याची पंगत, आणि ज्याचा त्याचा पाणवठा. कोणी कोणाला बदल म्हणत नव्हतं, कारण कोणी कोणाच्या घरात जात नव्हतं.

म्हणून मेर्कलबाई ‘शेजारी शेजारी राहणं फसलं’ म्हणाल्या, ते मला नाही म्हटलं तरी थोडं पटतं. समोरच्या दारातल्या आजोबांना आमच्या घरच्या गणपतीला बोलवायचं मला सुचलं ते चौथ्या वर्षी. आधी तीन वर्षं मी मोदकांचा वास जिन्यात जाऊ नये म्हणून खिडक्या उघडत होते.

आणि जे मी इथे मागते, ते पुण्यात कोणाला देते का? आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मामेभावाने एकदा लिहिलं, ‘पुण्यात राहायचं तर मराठी आलंच पाहिजे.’ मी अंगठा दाखवून मोकळी झाले. त्याच दिवशी दुपारी मुलीच्या बालवाडीतल्या बाईंनी मला सल्ला दिला होता, की घरीही जर्मनच बोलत जा, तिचं भलं होईल. मी घरी येऊन दोन तास धुमसत होते. माझ्या स्वयंपाकघरात कोणती भाषा बोलायची हे सांगणाऱ्या या कोण? संध्याकाळी अंगठा. मधे चार तासांचं अंतर होतं आणि दोन्ही ठिकाणी मीच होते.

शेजारच्या बव्हेरियात सत्ताधारी पक्षाने 2014 साली ठरावाचा मसुदा केला होता, की कायम राहू इच्छिणाऱ्यांनी घरीसुद्धा जर्मन बोलावं. देशभर इतकी टिंगल झाली की मसुदा मवाळ करावा लागला. टिंगल करणाऱ्यांचा मुद्दा साधा होता: बव्हेरियातले लोक तरी घरी कुठे जर्मन बोलतात? त्यांची बोली ऐका एकदा.

मला विचाराल तर जिन्यात सगळ्यांना कळेल असं बोलणं ही मागणी रास्त आहे, स्वयंपाकघरातली नाही. पण जिन्यातल्या मागणीलाही खर्च येतो. 2005 सालापासून जर्मनी नव्या लोकांसाठी भाषेचा सहाशे तासांचा वर्ग चालवते, त्याला सरकारचे पैसे लागतात. मी त्यातूनच गेले. आजोबांच्या वेळी तोही नव्हता. आणि आपण? बिहारहून येऊन चौदा तास टपरीवर उभ्या राहणाऱ्या पोराला ‘मराठी शीक’ म्हणताना आपण कुठे सहाशे तासांचा वर्ग उघडलाय? मामेभावाला हे विचारलं. त्याने गटावर सुप्रभातचं चित्र टाकलं.

*

तळमजल्यावर राहतात त्या आजी अस्सल श्वाबियन, चर्चमध्ये गाणाऱ्या. आमचा पहिला आकाशकंदील बाल्कनीत लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात अडवलं. मला वाटलं, आता संस्कृतीवर येणार. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. तारा लावायला अजून अवकाश आहे. इथे नाताळच्या आधी घराघरात कागदाची टोकदार चांदणी लावतात, आत दिवा. हुबेहूब आपला कंदील. पण ती लावायची मृतांच्या स्मरणाचा रविवार होऊन गेला की मगच. तो येतो नोव्हेंबरच्या शेवटी शेवटी. मी घाई केली, असा त्यांचा आक्षेप. मला परकी समजून त्या बोलल्याच नव्हत्या. एखाद्या सुनेला बोलावं तसं बोलल्या.

मी त्यांना दिवाळी सांगितली, जमेल तशी. त्यांनी विचारलं, मग तुमचा उतरतो कधी? म्हटलं, त्रिपुरी पौर्णिमेला. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं, मी फोनमध्ये. त्या वर्षी आमचा उतरल्यावर त्यांची चढायला वेळ होता. “मग चालेल,” म्हणाल्या. तेव्हापासून ऑक्टोबर लागला की विचारतात, या वर्षी तुमची पौर्णिमा कधी? एकदा दोन्ही तारखा एकमेकींना येऊन भिडल्या, 2023 साली. त्रिपुरी पौर्णिमा सत्तावीसला आणि त्यांचा रविवार सव्वीसला. एक रात्र दोन्ही लागले.

मुलीला यात काहीच विशेष वाटत नाही. अकरा नोव्हेंबरला बालवाडीतली मुलं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत अंधारात फिरतात, संत मार्टिनची मिरवणूक. ती चार वर्षांची असताना आपला कंदील घरी घेऊन आली आणि आकाशकंदिलाशेजारी खिळ्याला अडकवून झोपायला गेली.

तळमजल्यावरच्या आजींनी आम्हाला सातव्या वर्षी ‘दू’ म्हणायची परवानगी दिली. म्हणजे एकेरी. जर्मनमध्ये हे मोठं असतं, वयाने मोठ्या माणसानेच ते देऊ करायचं. नवरा लगेच सुरू झाला. माझी जीभ वळेना. सत्तरी पार केलेल्या बाईला ‘अगं’? मी आजही वाक्यं अशी रचते की कर्ताच येऊ नये. “कॉफी हवी आहे का?” चालतं. त्यांना वाटतं माझं व्याकरण कच्चं आहे.

*

नागरिकत्वाच्या परीक्षेत 310 प्रश्नांतले 33 येतात, 17 बरोबर आले की पास. मला 32 मिळाले. राज्याची राजमुद्रा ओळखा, तीन सिंह. हे आम्हाला सोपं, आपल्याही मुद्रेवर दिसतात तीनच. ईस्टरला लोक काय करतात? अंडी रंगवतात. जिना कसा झाडावा, यावर एकही प्रश्न नाही.

पास होऊन सहा वर्षं झाली, अर्ज मी अजून भरलेला नाही. 27 जून 2024 पासून जर्मनीचा नवा कायदा आला. आता इथला पासपोर्ट घेताना जुना टाकावा लागत नाही. दोन्ही ठेवा, म्हणतात. इतकी वर्षं ‘एक काय ते ठरवा’ म्हणणारा देश मऊ झाला. पण माझा देश झालेला नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. मग ओसीआय कार्ड मिळतं. व्हिसा लागत नाही, मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. बाबा म्हणतात, “सातबारावर तुझं नाव वारसाने येईल गं, काळजी करू नकोस.” ते मला समजावतात की स्वतःला, कळत नाही.

आजोबांची अडचण नेमकी हीच होती, पन्नास वर्षं. तुर्की पासपोर्ट सोडायचा नाही. कायसेरीजवळच्या गावात आईची कबर आहे. “पासपोर्ट देऊन टाकणं म्हणजे तिला कळवणं, की आता येत नाही,” असं एकदा म्हणाले होते. नव्या कायद्यात त्यांच्या पिढीसाठी वेगळं कलम आहे. 30 जून 1974च्या आधी जे आले, त्यांना लेखी परीक्षा नाही. तोंडी बोलता आलं की पुरे. ते वाचून आजोबा खूप हसले. “पंचावन्न वर्षांनी सांगतात, बोलता येतं ते चालेल!” मग बराच वेळ गप्प बसले.

गेल्या वसंतात रविवारी रात्री आमच्या दाराची बेल वाजली. आजोबा कधी बेल वाजवत नाहीत, म्हणून मी धावत गेले. हातात पाटी.

“या आठवड्याची पाळी माझी आहे,” म्हणाले. “पण गुरुवारी टाउनहॉलमध्ये बोलावलंय. प्रमाणपत्र देणार आहेत. मुलगा येतोय, नातवंडं येतायत, शनिवारपर्यंत घर भरलेलं असेल. तू घेशील? पुढचा आठवडा तुझा, तो मी करीन.”

मी पाटी घेतली.

त्या गुरुवारी मी मुद्दाम सकाळीच जिना काढला, ते परत येतील तेव्हा ओला असू नये म्हणून. वरून खाली. कोपरे ब्रशने. पायपुसण्या उचलून. दुपारी ते आले. राखाडी सूट, टाय, बगलेत खाकी लखोटा, मागे सगळं लटांबर. नातीच्या हातात फुलं. मी दारात उभी होते, अभिनंदन म्हणायला. आजोबा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले. लखोटा मुलाकडे दिला, एक हात कठड्यावर ठेवून वाकले आणि पायरीच्या आतल्या कोपऱ्यातून बोटाने काहीतरी उचलून मला दाखवलं.

झेंडूची पाकळी होती. पाडव्याच्या तोरणातली.